‘तुमची वेबसाईट तुम्हीच बनवा’ सर्व्हिस काढायचीय? आधी चार दुकानांत जाऊन बसा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की बीसीए झालंय, सेलूला राहता, हाताशी दीड लाख रुपये आहेत, आणि ज्यांना कॉम्प्युटरचं काहीच येत नाही त्यांना स्वतःची वेबसाईट स्वतःच बनवता येईल अशी सर्व्हिस सुरू करायचीय, विक्स या परदेशी साईट बनवायच्या सर्व्हिससारखी पण मराठीत. बिल्डर (साईट बनवायचं टूल) स्वतः कोड करू का, वर्षाला किती घेऊ, आणि आपल्याकडं हे चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी छत्रपती संभाजीनगरला २०११ पासून या कामात आहे, सात वर्षं लोकांना साईट बनवून दिल्या आणि २०१८ पासून लोकांनी स्वतः बनवायची ही सर्व्हिस चालवतो. मोठी कंपनी वगैरे काही नाही, चौघं जण आहोत, पण पगार वेळेवर होतात. लांबेल जरा, चहा घेऊन बसा.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. चालेल. पण तुम्ही जे कारण धरून चालायलात त्या कारणानं नाही.

तुम्हाला वाटतंय की लोकांकडं साईट नाही कारण टूल अवघड आहेत आणि इंग्रजीत आहेत. मलाही हेच वाटायचं, आणि त्या नादात मी अकरा महिने रात्री जागून ड्रॅग करून ठेवायचा एडिटर बनवला, सगळी बटणं मराठीत, ‘रकाना जोडा’, ‘चित्र सरकवा’, ‘रंग बदला’, लई खूश होतो मी माझ्यावर. पहिलं गिऱ्हाईक जालन्याचे एक बियाणं-खतवाले. त्यांच्यापुढं लॅपटॉप ठेवला, कसं करायचं ते दाखवलं, ते पाच मिनिटं पांढऱ्या स्क्रीनकडं बघत बसले आणि म्हणाले, “ते समदं ठीक हाय, पण हितं लिहू काय?”

तिथं माझे अकरा महिने पाण्यात गेले. कारण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्या एडिटरमध्ये नव्हतंच. नवख्या माणसाला बटण सापडत नाही म्हणून तो अडत नाही, बटण तो शोधतो, ज्या माणसानं मुलाच्या मदतीशिवाय पीक विम्याचा फॉर्म भरलाय त्याला तुमचं बटण काय अवघड. तो अडतो कारण आपल्या धंद्याबद्दल चार वाक्यं लिहायची त्यानं आयुष्यात कधी वेळच आली नाही. आणि दुसरं म्हणजे भीती, ‘मी हात लावला आणि बिघडलं तर’. या दोन गोष्टींवर तुमच्याकडं उत्तर असेल तर धंदा आहे, नसेल तर विक्स २००६ पासून आहे, त्यांच्याकडं तुमच्यापेक्षा हजारपट चांगला एडिटर आहे, त्या रस्त्यानं जाऊन तुम्ही जिंकणार नाही.

मग मी काय केलं ते सांगतो. एडिटर बाजूला ठेवला आणि वही घेऊन दुकानात बसायला लागलो. लातूरला एक क्लासवाले सर होते, नीटची बॅच घेणारे. त्यांना म्हणलं सर, मला तुमच्याबद्दल काही सांगू नका, फक्त फोन द्या आणि मागच्या आठवड्यात पालकांनी व्हॉट्सॲपवर काय काय विचारलं ते दाखवा. निघालं काय, तर मुलींच्या हॉस्टेलची सोय आहे का, मेस जवळ आहे का, फी दोन हप्त्यांत चालेल का, रिपीटरची बॅच वेगळी का, मराठी मीडियमचा पोरगा टिकेल का, रविवारी भेटायला आलो तर सर असतात का. या सहा-सात प्रश्नांची उत्तरं सर रोज फोनवर देतच होते, मी फक्त ती त्यांच्याच बोलण्यात उतरवून घेतली. तीच साईट झाली. ‘आमचे ध्येय व उद्दिष्ट’ नाही, ‘गुणवत्तेची परंपरा’ नाही. सर स्वतः म्हणाले की आता निम्मे फोन ‘साईटवर बघा’ म्हणून लवकर संपायलेत.

म्हणून माझं म्हणणं असं की तुमचं प्रॉडक्ट म्हणजे एडिटर नाही, तुमचं प्रॉडक्ट म्हणजे प्रश्नांची यादी. प्रत्येक धंद्याची वेगळी. मंगल कार्यालयवाल्याला रिकामं पान देऊ नका, त्याला विचारा: पंगतीला एका वेळी किती पानं बसतात, खोल्या किती, त्यात संडास-बाथरूम आतच असलेल्या किती, जनरेटर आहे का, आचारी बाहेरचा चालतो का तुमचाच घ्यावा लागतो, गाड्या किती लागतात, आणि आपल्याकडं सगळ्यात महत्त्वाचं, मे महिन्यात पाण्याचं काय, बोअर आहे का टँकर आणि टँकरचे पैसे कुणाचे. पुण्या-मुंबईच्या टेम्प्लेटमध्ये हा शेवटचा रकाना तुम्हाला कधीच सापडणार नाही, आणि मुलीचा बाप सगळ्यात आधी तेच विचारतो. कृषी सेवा केंद्राला वेगळे प्रश्न, वेरूळ-खुलताबाद रोडवरच्या लॉजला वेगळे, दवाखान्याला वेगळे (तिथं ‘डॉक्टर किती वाजता बसतात’ हे सोडून बाकी सगळं कुणी वाचत नाही). सुरुवातीला एकच धंदा धरा, फार तर दोन. एका धंद्याच्या दहा लोकांशी बोललात की अकराव्याला काय विचारायचं ते तुम्हाला झोपेत पण सांगता येईल.

उत्तरं फॉर्ममध्ये भरली की साईट आपोआप तयार व्हायला पाहिजे. भरलं नाही तो रकाना दिसायलाच नको, ‘येथे मजकूर लिहा’ असलं काही मागं राहू नये. रंग सहा ठेवा, फॉन्ट दोन, मांडणी तीन. जास्त सूट दिली की काय होतं ते मी बघितलंय, एका केटररनं हिरव्या पट्टीवर लाल अक्षरात नाव टाकलं, त्यावर फिरणारी झालर, आणि मग महिन्यानं मलाच म्हणाला तुमची साईट काही खास दिसत नाही. वस्तू सरकवायची सोय मी पूर्ण काढून टाकली तेव्हापासून एकाही गिऱ्हाइकानं ती परत मागितली नाही. एकानं पण नाही. मागतात ते आपल्यासारखे कॉम्प्युटरवाले.

आणि हे सगळं फोनवर चाललं पाहिजे. माझ्या गिऱ्हाइकांपैकी बरेच जण लॅपटॉपला कधी हातच लावत नाहीत, २०१६ ला जिओ आलं आणि लोक कॉम्प्युटर न शिकता थेट इंटरनेटवर आले, त्यामुळं तुमचा एडिटर मोबाईलच्या क्रोममध्ये, एका अंगठ्यानं, उन्हात उभं राहून चालतो का ते तपासा. खरंच उन्हात उभं राहून तपासा. फिकट राखाडी अक्षरं तिथं दिसत नाहीत.

आता कोड करू का. नका करू, निदान पहिली दोन वर्षं. वर्डप्रेस घ्या, साईट बनवायचं तयार सॉफ्टवेअर. २००३ पासून आहे, जगातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त साईट त्याच्यावर आहेत, लायसन जीपीएल (खुल्या वापराचं) असल्यामुळं त्याच्यावर पैसे घेऊन सर्व्हिस चालवायला पूर्ण मोकळीक आहे. फक्त वर्डप्रेस हे अख्खं नाव तुमच्या डोमेनमध्ये (साईटच्या इंटरनेटवरच्या नावात) वापरू नका, त्याला ट्रेडमार्कची मनाई आहे. त्यात मल्टिसाईट नावाची सोय ३.० व्हर्जनपासून, म्हणजे २०१० पासून, आतच आहे, एकाच इन्स्टॉलेशनमध्ये शंभर जणांच्या शंभर साईट, अपडेट एकदाच करायचं. २०१८ च्या डिसेंबरमध्ये ५.० सोबत ब्लॉक एडिटर (पान तुकड्या-तुकड्यांनी जोडायचा) आला, त्यातले ब्लॉक लॉक करता येतात, म्हणजे गिऱ्हाईक अक्षरं आणि फोटो बदलू शकतं पण मांडणी मोडू शकत नाही. ‘बिघडलं तर’ या भीतीला हेच औषध. डाव्या बाजूचा तो लांबलचक मेन्यू लपवून टाका आणि चार बटणं ठेवा: माझी माहिती, फोटो, दर-वेळा, पाहा.

मल्टिसाईटचा तोटा पण सांगतो. एक प्लगिन (वरून जोडलेला सॉफ्टवेअरचा तुकडा) बिघडलं की सगळ्यांच्या साईट एकदम झोपतात, आणि एखाद्याला त्याची साईट उचलून दुसरीकडं न्यायची असेल तर जरा खटाटोप पडतो. म्हणून प्लगिन कमीत कमी ठेवा, माझ्याकडं सात आहेत, आणि अपडेट आधी डुप्लिकेट कॉपीवर चालवून बघतो. कोड करायची हौसच असेल तर एडिटर बनवायची ग्रेप्सजेएस नावाची ओपन सोर्स चौकट आहे, पण ती हौस धंदा उभा राहिल्यावर.

सर्व्हर मुंबईतला घ्या, सुरुवातीला महिना हजार-दोन हजाराच्या आत भागतं. बॅकअपबद्दल मात्र माझं ऐका. २०२० च्या दिवाळीआधी आमच्या होस्टिंगवाल्या कंपनीच्या सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअप होता की, रोज रात्री होत होता, पण त्याच सर्व्हरवर. सदतीस साईट गेल्या. त्यांनी हात वर केले, आणि त्यांच्या अटींमध्ये तसं लिहिलेलंच होतं, मी वाचलं नव्हतं. मी आणि आमचा एक पोरगा, दोघांनी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सुद्धा बसून इंटरनेट आर्काइव्हवरून (तिथं जुन्या पानांच्या प्रती असतात), गिऱ्हाइकांच्या व्हॉट्सॲपवरून, गूगलच्या कॅशमधून (त्यांनी साठवलेल्या प्रतींमधून) अक्षरं गोळा केली. सगळ्यांना स्वतः फोन केले, लपवलं नाही, त्यामुळं सोडून गेले फक्त चार. तेव्हापासून बॅकअप दुसऱ्या कंपनीच्या जागेवर जातो आणि दर महिन्याच्या एक तारखेला आम्ही कुठलीही एक साईट त्यातून परत उभी करून बघतो. नुसता बॅकअप घेऊन ठेवलाय आणि कधी उघडून बघितला नाही त्याला मी आता बॅकअप धरतच नाही.

दुसरी चूक पण ऐका, ही नवीन सर्व्हिसवाले हमखास करतात. मी सुरुवातीला ‘फ्री ट्रायल’ उघडी ठेवली होती, कुणीही या, ईमेल टाका आणि माझ्या डोमेनखाली साईट बनवा. तीन आठवड्यात कुणीतरी बँकेच्या केवायसीचं खोटं पान बनवून टाकलं. गूगलच्या सेफ ब्राउझिंगनं (धोकादायक साईटची सूचना देणारी सोय) लाल पाटी लावली, आणि ती त्या एका पानाला नाही, माझ्या अख्ख्या डोमेनला, म्हणजे बिचाऱ्या क्लासवाल्या सरांची साईट उघडली तरी ‘पुढे धोका आहे’. दोन दिवस मी तोंड लपवत फिरलो. तर तुमच्या धंद्याची साईट एका डोमेनवर ठेवा आणि गिऱ्हाइकांच्या उपनावांसाठी (सबडोमेन, म्हणजे तुमच्या डोमेनखालची त्यांची नावं) वेगळं डोमेन घ्या, मोबाईल ओटीपीशिवाय कुणाला आत घेऊ नका, नवीन साईट स्वतः डोळ्यांनी बघितल्याशिवाय लाईव्ह करू नका. पुढं आकडा वाढला की पब्लिक सफिक्स लिस्ट नावाची एक यादी असते, ब्राउझर ती वापरतात, त्यात आपलं डोमेन घालता येतं, मग प्रत्येक उपनाव वेगळी साईट म्हणून धरलं जातं आणि एकाच्या कुकी (ब्राउझरमध्ये साठलेल्या नोंदी) दुसऱ्याला दिसत नाहीत.

याच्याच जोडीला कायद्याचं थोडं. दुसऱ्यांचा मजकूर तुमच्या सर्व्हरवर ठेवला की आयटी कायद्याच्या भाषेत तुम्ही मध्यस्थ होता. २०२१ च्या नियमांप्रमाणे तक्रार अधिकाऱ्याचं नाव-पत्ता साईटवर लावावा लागतो (तो अधिकारी म्हणजे तुम्हीच), तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि नियमात दिलेल्या मुदतीत निकाली काढायची. आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाप्रमाणे हॅकिंगसारखा प्रकार झाला तर सहा तासांत कळवायचं, लॉग (सर्व्हरच्या नोंदी) १८० दिवस जपायचे. घाबरू नका, एका दुपारचं काम आहे, पण ते आधी करून ठेवा.

एसएसएलचे (साईटला सुरक्षित ‘कुलूप’ लावणारं सर्टिफिकेट) कुणालाही पैसे देऊ नका आणि गिऱ्हाइकाकडून घेऊ पण नका. लेट्स एन्क्रिप्ट फुकट देतं, ९० दिवस चालतं, आपोआप रिन्यू होईल असं लावून ठेवायचं. उपनावांसाठी वाइल्डकार्ड सर्टिफिकेट (सगळ्या उपनावांना मिळून एकच) घ्या, २०१८ पासून मिळतं, नाहीतर एका डोमेनला आठवड्याला ५० सर्टिफिकेटची मर्यादा आहे आणि नेमकं ज्या आठवड्यात धंदा जोरात होईल त्याच आठवड्यात अडकाल.

डोमेन. हे मी जरा रागानं लिहितोय. डोमेन गिऱ्हाइकाच्याच नावावर, त्याच्याच ईमेलवर, त्याच्याच मोबाईलवर घ्या. आमच्याकडं महिन्याला एक तरी माणूस येतो की साईट एका पोरानं बनवली होती, तो पुण्याला नोकरीला गेला, फोन उचलत नाही आणि डोमेन त्याच्या नावावर. आता काय करायचं? काही नाही करता येत, नवीन नाव घ्या आणि पाट्या परत रंगवा. डोमेनची मुदत संपल्यावर पण गंमत असते, डॉट कॉम काही दिवस वाढीव मुदतीत राहतं, मग ३० दिवसांच्या सोडवणुकीच्या काळात जातं आणि तिथून परत घ्यायला नेहमीच्या कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. म्हणून आठवण दीड महिना आधीपासून, आणि मेसेज नाही, फोन. डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही चालतात आपल्याकडं. डॉट भारत मराठीत २०१४ पासून मिळतं, अभिमान म्हणून घ्यायला माझी ना नाही, पण काही ठिकाणी ते एक्सएन डॅश डॅश असल्या विचित्र रूपात दिसतं आणि गिऱ्हाईक व्हायरस समजून घाबरतं, म्हणून ते जोडीला ठेवा, मुख्य नको.

मराठी अक्षरांवर मात्र वेळ द्या, इथंच तुम्ही बाहेरच्या बिल्डरपेक्षा भारी पडाल. पहिली अडचण फ्लेक्सवाल्याकडची. गिऱ्हाईक म्हणतं मजकूर टाईप केलेला आहे, पत्रिका-पॅम्प्लेट छापलं तेव्हाचा, आणि फाईल पाठवतं. ती असते श्रीलिपीत नाहीतर कृतीदेवमध्ये. साईटवर चिकटवली की सगळा कचरा, कारण ते युनिकोड (सगळीकडं चालणारी अक्षरपद्धत) नाही, आतून इंग्रजी चिन्हं आणि वरून मराठी मुखवटा. तुमच्या एडिटरनं चिकटवतानाच हे ओळखून ‘हा जुना फॉन्ट आहे, बदलू का?’ असं विचारायला पाहिजे. बदलल्यानंतर रफार आणि र्‍हस्व-दीर्घ डोळ्यांनी तपासायचेच, तिथं हमखास घाण होते. दुसरं, पानाच्या एचटीएमएलमध्ये (आतल्या कोडमध्ये) भाषा मराठी अशी लिहा, बहुतेक टेम्प्लेटमध्ये इंग्रजी नाहीतर हिंदी असते. नोटोसारख्या फॉन्टमध्ये मराठीचे ल आणि श वेगळे दिलेले आहेत, भाषा मराठी सांगितली तरच ते उमटतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. लोकांना नक्की काय खटकतंय ते सांगता येत नाही पण ‘हे आपलं वाटत नाही’ असं म्हणतात. तिसरं, इंग्रजी डिझाइनमध्ये अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडायची फॅशन आहे, देवनागरीला ती लावली की शिरोरेषा तुटते, शून्य करून टाका. आणि ओळींतलं अंतर वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

शोधण्याचं पण तसंच. लोक मराठीत बोलून शोधतात आणि टाईप करताना इंग्रजी अक्षरं वापरतात, म्हणून दुकानाचं नाव, गावाचं नाव दोन्ही लिप्यांत पाहिजे. गावांची नावं तर अजून वेगळी कथा, २०२३ ला सरकारी कागदावर छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झालं पण शोधणारा अर्धा महाराष्ट्र अजून औरंगाबाद आणि उस्मानाबाद टाईप करतो, तर पत्त्यात नवीन नाव आणि खाली एका वाक्यात जुनं, दोन्ही येऊ द्या. यात राजकारण आणू नका, गिऱ्हाईक यायला पाहिजे.

“गूगल मॅपवर आहे की दुकान, मग साईट काहून पाहिजे?” हा प्रश्न तुम्हाला रोज येणार. मी खरं सांगतो की ज्याला फक्त पत्ता आणि फोन दाखवायचाय त्याला मॅप पुरे आहे, आणि त्याचं प्रोफाईल मी फुकट नीट करून देतो. हसू नका, त्यातलेच लोक वर्षभरानं परत येतात. पण तिथंच एक गोष्ट सांगतो, गूगल त्या प्रोफाईलसोबत एक फुकटची छोटी साईट द्यायचं, ती मार्च २०२४ मध्ये बंद केली. त्याच्या आधी २००९ ला याहूनं जिओसिटीज ही फुकट पानं बनवायची सर्व्हिस बंद केली होती, लाखो लोकांची पानं गेली. मोठ्यांनी बंद केलं तर आपण कोण. म्हणून तुमच्या सर्व्हिसमध्ये ‘माझी साईट डाउनलोड करा’ हे बटण पहिल्या दिवसापासून ठेवा, साधी एचटीएमएलची झिप फाईल निघाली तरी चालेल. मला सगळे म्हणायचे वेडा आहेस, गिऱ्हाईक पळून जाईल. उलट ते बटण दाखवलं की माणूस खिशात हात घालतो.

आता पैसे. फुकट प्लॅन ठेवू नका, वर सांगितलंच का ते. मी पहिल्या बैठकीचे १,५०० घेतो, त्यात दोन तास आम्ही सोबत बसतो, आणि मग वर्षाचे ३,६००, डोमेन धरून. तुम्ही सेलूला आहात, थोडे कमी ठेवलेत तरी चालेल पण बैठकीचे पैसे सोडू नका, ज्यानं पैसे दिले तोच फोटो घेऊन येतो. हिशोब करून बघा, शंभर गिऱ्हाइकं झाली तर वर्षाला ३,६०,०००, त्यातून डोमेनचे लाखभर गेले, सर्व्हरचे २४,०००, राहिले २,३६,०००, म्हणजे महिना एकोणीस-वीस हजार, आणि अजून पेट्रोल, फोन काढलं नाही. शंभर व्हायला मला पावणेदोन वर्षं लागली. म्हणून दीड लाखातले तीस-चाळीस हजार टूलवर घाला आणि बाकीचे घरखर्चाला बाजूला ठेवा, माझ्या ओळखीचे दोघं-तिघं धंदा चांगला असून फक्त सातव्या महिन्यात घरी पैसे देता आले नाहीत म्हणून नोकरीला गेले.

वसुलीची वेळ धंद्याप्रमाणं धरा. सगळ्यांचं रिन्यूअल एप्रिलला ठेवलं होतं मी, हुशारी म्हणून. कृषी केंद्रवाल्याकडं मे-जूनमध्ये पैसे मागायला गेलं तर तो तुम्हाला दारात उभं करणार नाही, त्याचा सगळा पैसा खरिपाच्या मालात अडकलेला असतो आणि बाहेर उधारी. सोयाबीन बाजारात आलं की दिवाळीच्या आगंमागं त्याच्याकडं पैसा फिरतो, तेव्हा जा. क्लासवाल्यांकडं जून-जुलै, ॲडमिशनच्या वेळी. कार्यालयवाल्यांकडं लग्नसराई चालू असताना. यूपीआय ऑटोपे २०२० पासून आहे, १५,००० पर्यंत दरवेळी पिन लागत नाही, सोय चांगली आहे पण आपला माणूस ‘खात्यातून आपोआप पैसे जातात’ म्हणलं की बिचकतो, मी क्यूआर पाठवतो आणि फोन करतो. जीएसटी नोंदणी सर्व्हिसला वर्षाच्या २० लाखांच्या पुढं लागते, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी फुकट आहे, तिचे पाचशे-हजार मागणाऱ्या एजंटाला देऊ नका, आणि शॉप ॲक्टला मोजकीच माणसं असली की ऑनलाइन सूचना दिली की झालं.

सपोर्टबद्दल. ‘स्वतः बनवा’ म्हणलं म्हणजे तुम्हाला फोन येणार नाहीत असं समजू नका, जास्तच येतील. पीडीएफ मॅन्युअल कुणी वाचत नाही. आम्ही चाळीस-पन्नास सेकंदांचे उभे व्हिडिओ केलेत, स्वतःच्या आवाजात, ‘फोटो कसा बदलायचा’, ‘सुट्टी कशी टाकायची’, एक व्हिडिओ एक काम, व्हॉट्सॲपवर पाठवायचा. शनिवारी पाच-सहा जणांना एकत्र बसवतो. त्यासाठी जागा घेऊ नका, गावातल्या एमएस-सीआयटी सेंटरला दुपारी कॉम्प्युटर रिकामे असतात, त्यांच्याशी बोला, माणशी थोडे पैसे दिले की ते खूश.

आणि एक युक्ती सांगतो जी मला फार उशिरा सुचली. बैठकीत साईट पूर्ण करून देऊ नका. एक काम मुद्दाम मागं ठेवा, सोपं, ‘रविवारची वेळ तुम्ही घरी जाऊन टाका, टाकली की मला मेसेज करा’. ज्यानं घरी बसून ती एक वेळ टाकली तो माणूस पुढं दर, फोटो, सुट्ट्या सगळं स्वतः टाकतो, आणि ज्यानं टाकली नाही त्याला दोन दिवसांनी फोन करा. मी रोज किती लोक साईट बघतात ते मोजणं सोडून दिलंय, मी फक्त एवढंच बघतो की तिसऱ्या महिन्यात गिऱ्हाइकानं स्वतः आत जाऊन काहीतरी बदललं का. नसेल बदललं तर तो पुढच्या वर्षी पैसे देणार नाही, हे मला नऊ महिने आधीच कळतं.

एआयचं विचाराल म्हणून सांगतो, हो, आता एका वाक्यात साईट बनवून देणारी टूल आलीत. मी वापरतो, पण उलट्या बाजूनं. त्याला नुसतं ‘कृषी केंद्राची साईट बनव’ म्हणलं की ते हिंदी वळणाचं मराठी लिहितं आणि वरून ‘२५ वर्षांचा विश्वास’ असं मनानंच ठोकून देतं, दुकान परवा उघडलेलं असलं तरी. गिऱ्हाइकाला प्रश्न विचारायचे, त्याचं बोलणं रेकॉर्ड करायचं, टूलकडून फक्त ते उतरवून नीट ओळीत लावून घ्यायचं आणि मग गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचायला लावायचं. ज्या शब्दाला तो अडखळला तो शब्द काढून टाकायचा.

नाही म्हणायला पण शिका. न्यूज पोर्टलवाल्यांना मी घेत नाही, आपल्याकडं दर तालुक्याला पाच-दहा आहेत, ट्रॅफिक बेभरवशाचा, रोज कुणाची तरी तक्रार, आणि नोटीस आली की ती तुमच्या पण दारात येते. ऑनलाइन दुकान मागणाऱ्यांना पण पहिल्या वर्षी नाही, माल परत आला, कुरिअरनं फोडला, पैसे अडकले, हे सगळं तुमच्या गळ्यात पडतं. केशर आंबावाल्यांना किंवा कुंथलगिरीच्या खव्यावाल्यांना फोटो, भाव, कधी माल निघणार ती तारीख, आणि दाबलं की सरळ व्हॉट्सॲप उघडेल असं एक बटण, एवढंच द्या. ऑर्डर तिथंच पक्की होते.

तर उद्यापासून काय करायचं. कोड उघडू नका. सेलूतले एकाच धंद्यातले दहा जण निवडा आणि वही घेऊन जा, साईट विकायला नाही, ‘तुमचं गिऱ्हाईक फोनवर काय विचारतं’ एवढंच विचारायला. बाजाराच्या दिवशी नका जाऊ आणि सकाळी भवानीच्या आधी तर अजिबात नका जाऊ. दुपारी दोन ते चार, शटर अर्धं खाली असतं, माणूस गल्ल्यावर पेंगत असतो, तेव्हा बोलतो.